नाडी, उच्छ्वास आणि वामकुक्षी: शरीराला खरा विसावा कसा द्यायचा

रविवार होता. सकाळपासून सोफ्यावर लोळलो होतो. पोहे तिथेच खाल्ले, दुपारी मॅच पाहिली, मग मोबाइल, मोबाइल चार्जिंगला लावल्यावर टीव्ही. रात्री अकराला अंथरुणावर पडलो तर छातीत धडधड जाणवायला लागली. मनगट धरून, घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला ९४. दिवसभरात बाल्कनीच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं आणि ठोके मात्र तीन मजले चढून आल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी कोथरूडमधल्या आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं. सगळं ठीक आलं. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "विश्रांती घेता का?" मी म्हटलं, परवा अख्खा रविवार घेतली की. "मोबाइलवर काय बघत होतात?" "ऑफिसचा ग्रुप." त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर याबद्दल जे वाचलं, विचारलं आणि स्वतःवर करून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहितो. ज्यांना हृदयाचा आजार नाही, तपासण्या ठीक आहेत आणि तरीही "आराम करूनही थकवा जात नाही" अशी तक्रार आहे, त्यांच्यासाठी हे आहे. बाकीच्यांनी शेवटचा सावधगिरीचा भाग आधी वाचावा.

आधी यंत्रणा समजून घ्या

हृदयाचे ठोके, पचन, घाम, डोळ्याच्या बाहुलीचं लहानमोठं होणं हा कारभार आपल्याला न विचारता चालतो. तो चालवणारी ती स्वायत्त चेतासंस्था. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १८९८ मध्ये तिला हे नाव दिलं. तिच्या दोन मोठ्या शाखा आहेत. संकटात धावायला किंवा लढायला शरीर सज्ज करते ती अनुकंपी. ठोके कमी करणं, लाळ आणि पाचकरस सोडणं, आतडी हलती ठेवणं ही कामं करते ती परानुकंपी. हे दुसरं नावही लँगलींचंच, १९०५ सालचं.

शाळेत आपण याला ॲक्सिलरेटर आणि ब्रेक असं शिकलो. उपमा वाईट नाही, पण तिच्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग शाळेत राहून जातो. हृदयात ठोक्यांची सुरुवात करणारी एक छोटी गाठ असते, सायनस नोड. चेतासंस्थेचा काहीच हात नसेल तर ही गाठ आपल्या आपण मिनिटाला साधारण १०० ठोके देते. निवांत बसलेल्या माणसाचे ठोके ७० च्या आसपास असतात, कारण परानुकंपी संस्था त्या गाठीवर सतत हात ठेवून असते. म्हणजे विसाव्याच्या वेळी शरीरात कोणीतरी कामावर असतं. तुम्ही दचकलात की आधी हा हात सुटतो, तोही एखाद्या ठोक्याच्या आत. संकटात रक्तात सुटणाऱ्या ॲड्रिनलिन या रसायनाचा जोर त्यामागून येतो. त्या रविवारी मला कोणी वाघ दिसला नव्हता. दर पाच मिनिटांनी वाजणाऱ्या ग्रुपमुळे तो हात दिवसभर नीट टेकलाच नव्हता, असं मला आता वाटतं.

हा हात म्हणजे मुख्यतः व्हेगस ही चेता (नर्व्ह). मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी ही दहावी. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटका, आणि नाव शोभतं: मानेतून उतरून ती हृदय, फुप्फुसं, जठर आणि बहुतेक आतड्यांपर्यंत हिंडते. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू मेंदूकडून खाली हुकूम नेत नाहीत, ते खालून वर बातमी नेतात. फुप्फुसं कितपत फुगली, पोटात काय चाललंय, याचा अहवाल. म्हणूनच मनाला "शांत हो, शांत हो" असं बजावून फारसं काही होत नाही. अहवाल बदलावा लागतो. श्वास, शरीराची ठेवण, जेवण या गोष्टी आपल्या हातात आहेत, त्या बदलल्या की वर जाणारी बातमी बदलते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

चेता हृदयाशी नेमकं बोलते कशी, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रव काढून दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. म्हणजे चेतेच्या टोकाशी काहीतरी रसायन सुटत होतं. ते ॲसिटिलकोलीन. लोवींना १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. प्रयोगाची कल्पना लोवींना झोपेत सुचली होती. पहिल्या रात्री उठून कागदावर खरडलेलं सकाळी वाचता येईना, म्हणून दुसऱ्या रात्री तीच कल्पना सुचल्यावर ते थेट प्रयोगशाळेत गेले. आपल्या विषयाला याहून चांगली जन्मकथा मिळणार नाही.

हे रसायन सुटल्यावर क्षणात विघटित होतं. त्यामुळे व्हेगसची पकड प्रत्येक श्वासागणिक बदलू शकते. श्वास आत घेताना ती सैल होते, ठोके किंचित वेगाने पडतात; सोडताना घट्ट होते, ठोके सावकाश पडतात. आपल्या हाती असलेली मूठ ती हीच.

पहिलं काम: सात दिवस नाडी मोजा

सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातच, मोबाइल हातात घेण्याआधी. तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते आणि गोंधळ होतो. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा, वहीत लिहा. शेजारी दोन शब्द: "उशिरा जेवलो", "झोप छान", "सर्दी". प्रौढ माणसाचे निवांत ठोके साधारण ६० ते १०० मध्ये असतात. नियमित पळणाऱ्या-पोहणाऱ्यांचे त्याहून कमी असू शकतात.

सातव्या दिवशी आणखी एक करा. बोटं नाडीवर तशीच ठेवून सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. सोडताना ठोक्यांमधलं अंतर वाढलेलं जाणवतं का? तरुणांमध्ये हे बोटांना कळतं. वय वाढतं तसा फरक कमी होतो, त्यामुळे नाही कळलं तर घाबरायचं कारण नाही. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बायकोलाही उठवून तिची नाडी धरली होती. तिने सकाळी सहाला त्याबद्दल जे मत दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मनगटावरच्या स्मार्ट घड्याळात एचआरव्ही नावाचा आकडा येतो, तो ठोक्यांमधल्या याच कमीजास्त अंतराचा. तो माणसामाणसांत फार वेगळा असतो. मित्राच्या आकड्याशी तुलना करू नका. स्वतःच्याच गेल्या महिन्याशी करा.

दुसरं काम: उच्छ्वास लांबवा

सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

खुर्चीवर बसा, पाठ टेकलेली चालेल. पट्टा किंवा नाडा सैल करा. एक हात बेंबीवर. नाकाने श्वास घ्या, मनात चार आकडे मोजत. बेंबीवरचा हात पुढे यायला हवा, खांदे वर जायला नकोत. मग नाकानेच सोडा, सहा आकडे मोजत. चार आणि सहा मिळून दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण १२ ते २० घेतो.

मोजायला मोबाइल लागत नाही. जप करताना आजी जशी बोटांची पेरं मोजायची तसं करा: चार बोटांची तीन-तीन पेरं, एकूण १२. प्रत्येक श्वासाला अंगठा एका पेराने पुढे. एक हात पूर्ण झाला की दोन मिनिटं झाली. तीन वेळा हात फिरला की सहा मिनिटं, दिवसाला तेवढं पुरे. जमलं तर संध्याकाळी पुन्हा.

सुरुवातीला चार-सहा जड जातं. तीन-चारने सुरू करा आणि आठवडाभरात वाढवा. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे "दीर्घ श्वास" म्हणून छाती फुटेस्तोवर हवा ओढणं. आपल्याला सावकाश हवाय, मोठा नकोय. हवा जास्त ओढली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि लोक म्हणतात की प्राणायाम मला सोसत नाही. तसं झालं तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या, पुढच्या वेळी हवा कमी घ्या.

मिनिटाला सहाच का? रक्तदाब स्थिर ठेवणारी एक यंत्रणा आपल्यात असते. तिच्यामुळे दाबात साधारण दहा-दहा सेकंदांच्या लाटा येतात. श्वासही दहा सेकंदांचा केला की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं होतं आणि ठोक्यांचा हेलकावा सगळ्यात मोठा होतो. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. तिन्हीसांजेला दिवा लावून सावकाश स्तोत्र म्हणणाऱ्या आपल्या घरातल्या बायकांनी सेकंद कधी मोजले नसतील. ओळ संपेपर्यंत श्वास सोडायचा, एवढं त्यांना ठाऊक होतं.

पुणे जिल्ह्याला यात आणखी एक मान आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं ते योगक्रिया प्रयोगशाळेत, यंत्रं लावून तपासण्यासाठी. "आमच्याकडे हे पूर्वीपासून आहे" असं म्हणून थांबणाऱ्यांपैकी ते नव्हते.

मोजणं कंटाळवाणं वाटतं त्यांनी भ्रामरी करावी. तोंड मिटून "म्‌" असा गुंजारव करत श्वास सोडायचा. आवाज काढायचा म्हटलं की उच्छ्वास आपोआप लांबतो. स्वीडनमधल्या २००२ च्या एका अभ्यासात गुणगुणताना नाकातून बाहेर येणारं नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या १५ पट भरलं होतं. आमच्या शेजारच्या काकूंना वाटायचं, रोज सकाळी सातला आम्ही चटणी वाटतो.

तिसरं काम: गाडीवरून उतरल्यावर पाच मिनिटं

पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला अनुकंपी संस्था समजावून सांगायला नको. सिंहगड रस्त्यावरून संध्याकाळी सात वाजता घरी आलेल्या माणसाचा जबडा आवळलेला असतो, खांदे कानांशी आलेले असतात, आणि उलट्या बाजूने आलेल्या रिक्षावाल्याला द्यायचं उत्तर त्याच्या डोक्यात चालू असतं.

पार्किंगमध्ये गाडी लावा. लगेच वर जाऊ नका. हेल्मेट काढा, जीभ टाळूपासून सोडा, दातांत फट पडू द्या. आता नाकाने श्वास घ्या, भरत आला की त्याच्यावर आणखी एक छोटा श्वास चढवा, आणि तोंडाने सावकाश सगळा सोडा. खूप रडून झालेलं बाळ मांडीवर झोपताना असाच दोन टप्प्यांत श्वास घेतं. आपण म्हणतो, अजून हुंदके येताहेत. त्या हुंदक्याने फुप्फुसातल्या मिटलेल्या पिशव्या उघडतात आणि पुढचा उच्छ्वास लांबतो. पाच वेळा करा. स्टॅनफर्डमधल्या २०२३ च्या एका अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं हे केलं. नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा त्यांची मनःस्थिती जास्त सुधारली.

वर गेल्यावर हातपाय आणि तोंड धुवा. "बाहेरून आलास, आधी हातपाय धू" यात स्वच्छतेखेरीजही काही आहे. कपाळ आणि डोळ्यांभोवती गार पाणी लागलं, त्यात श्वास क्षणभर रोखलेला असला, की ठोके मंदावतात. पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांमध्ये हीच प्रतिक्रिया फार जोरकस असते. डिसेंबरात नळाचं पाणी पुरतं. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतून जे येतं त्यात चहा होईल, तेव्हा माठातलं घ्या.

आणि घरातला एक नियम. चेतांचा संदेश काही सेकंदांत ओसरतो, पण रक्तात उतरलेलं ॲड्रिनलिन काही मिनिटं राहतं आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं रसायन तासाभराहून जास्त. आमच्याकडे ठरलंय: आल्यावर पहिली पंधरा मिनिटं सोसायटीचं बिल, मुलाचे मार्क आणि सासरमाहेर हे तिन्ही विषय बंद.

जेवण आणि १ ते ४

परानुकंपी संस्थेचं दुसरं मोठं खातं पचनाचं. पचनावरच्या ज्या कामासाठी पावलॉव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल मिळालं, त्यात त्यांनी हे दाखवलं की अन्न पोटात पोहोचण्याआधीच, नुसत्या वासाने आणि चवीने, जठररस सुटायला लागतो, आणि हा निरोप व्हेगसमार्फत जातो. फोडणीचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं, तिथे जेवण सुरू झालेलं असतं. लॅपटॉपसमोर, मेलला उत्तरं देत डबा संपवणारा माणूस हा पहिला अंक गाळूनच बसतो.

म्हणून ताटावर बसल्यावर एक मिनिट काही करू नका. पूर्वी चित्राहुती घालायचे, श्लोक म्हणायचे; श्रद्धा असो नसो, त्या मिनिटाचा उपयोग होता. पहिले पाच-सहा घास सावकाश. वरणभात-तूप-लिंबू असेल तर हे सांगावंही लागत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मला सगळ्यात अवघड गेलेली पायरी ही आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी मी ती अजून मोडतो.

आता दुपार. पुण्यातली दुकानं १ ते ४ बंद असण्यावरून जगाने आपली जितकी चेष्टा केली तितकी कशावरूनच केली नसेल. पण दुपारी येणारी पेंग फक्त जेवणामुळे येत नाही. शरीराच्या २४ तासांच्या घड्याळातच दुपारी एक ओहोटी असते, न जेवलेल्यालाही ती जाणवते. त्या वेळी शटर ओढणारा दुकानदार चोख शरीरशास्त्र पाळत होता. गिऱ्हाइकाशी तो कसा बोलायचा हा वेगळा विषय.

वाम म्हणजे डावा, कुक्षी म्हणजे कूस. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पडणं. पंखा लावून पालथं घोरत पडणं नव्हे. पद्धत अशी:

जेवल्यावर आधी शतपावली, घरातल्या घरात दहा मिनिटं, रमतगमत. जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढते, ती यामुळे कमी चढते. मग डाव्या कुशीवर पडा. डोक्याखाली एक उशी, गुडघ्यांमध्ये दुसरी. डाव्या कुशीवर असताना अन्ननलिकेचं खालचं तोंड जठरातल्या आम्लाच्या पातळीच्या वर राहतं, त्यामुळे आंबट ढेकर आणि जळजळ कमी होते; उजव्या कुशीवर नेमकं उलटं. पडदा ओढा. २५ मिनिटांचा गजर लावा. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडा, उच्छ्वास लांब ठेवा.

गजर महत्त्वाचा. अर्ध्या तासापलीकडे गेलात की गाढ झोप लागते आणि त्यातून उठवलं की माणूस तासभर चिडचिडा आणि जड राहतो. साडेतीननंतर झोपू नका, रात्रीची झोप पळते. ऑफिसात कुशीवर पडता येत नाही. खुर्चीतच हात टेबलावर घडी करून त्यावर डोकं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं. बॉस बघेल ही भीती असेल तर मात्र उपयोग नाही, कारण कान टवकारून कोणाचा विसावा होत नाही.

पाय वर करून पडणं

उभ्या माणसाच्या पायांत रक्त उतरलेलं असतं. आडवं पडलं की ते छातीकडे परत येतं, मानेतल्या आणि हृदयाजवळच्या धमन्यांच्या भिंती ताणल्या जातात, तिथले संवेदक मेंदूला कळवतात की दाब पुरेसा आहे, आणि व्हेगसची पकड वाढते. पिंढऱ्या खुर्चीवर किंवा पलंगाच्या काठावर टेकवून पडलं की हे आणखी चांगलं होतं. खाली सतरंजी, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, डोळ्यांवर ओढणी किंवा रुमाल. दहा मिनिटं. जेवल्यावर दोन तास करू नका. शिवाजीनगरच्या अय्यंगार योग संस्थेमुळे पुण्यात लोड, खुर्च्या, पट्टे, घड्या घालून ठेवलेली ब्लँकेटं वापरून आसनं करणं नवं नाही. शरीराला आधार दिला की स्नायू सोडवता येतात, एवढंच त्यामागचं तत्त्व घरी वापरायचं.

टेकडी

व्यायाम करताना परानुकंपी संस्था मागे हटते. पण रोज व्यायाम करणाऱ्याच्या शरीरात ती नंतर लवकर परत येते, आणि महिनोन्‌महिन्यांनी निवांत ठोकेही उतरतात. हे घरच्या घरी बघता येतं. पर्वतीच्या पायऱ्या तुमच्या नेहमीच्या वेगाने चढा. वर पोहोचताक्षणी नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा, एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात, ट्रेडमिलनंतर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले त्यांना पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका जास्त आढळला होता. पर्वतीवरची मोजणी म्हणजे तपासणी नव्हे, पण तीन महिन्यांच्या अंतराने स्वतःशी तुलना करायला बरी. दम लागत असेल, छाती आवळत असेल तर पर्वती जागची हलणार नाही, आधी डॉक्टर.

वेताळ टेकडीवर गेलात तर बसून लांब बघा. इथे एक गंमत आहे: जवळचं बघताना डोळ्यातला स्नायू आवळला जातो तो परानुकंपी संस्थेमुळेच. म्हणजे दिवसभर स्क्रीनकडे बघताना या संस्थेचा एक कोपरा राबत असतो, आणि लांब बघितलं की त्याला सुट्टी मिळते. डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालतात ते हाच कोपरा काही तास बंद करतात, म्हणून त्यानंतर पेपर वाचता येत नाही. तेव्हा परानुकंपी म्हणजे "शांतीचं बटण" असं कोणी सांगितलं तर त्याला हे थेंब आठवून द्या.

रात्र

इथे थोडक्यात, कारण बहुतेक सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही.

चहाकॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला अमृततुल्यमध्ये घेतलेला चहा रात्री अकराला निम्मा शिल्लक असतो. दारूने डोळा लागतो खरा, पण रात्रभर ठोके चढे राहतात. घड्याळ घालून झोपणाऱ्यांनी एकदा आलेख बघावा. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास. गाढ झोपेत परानुकंपी संस्थेचं राज्य असतं, स्वप्नांच्या झोपेत ठोके पुन्हा वरखाली होतात, म्हणून झोपेची पूर्ण आवर्तनं व्हायला हवीत.

हिंजवडीच्या आयटीवाल्यांची अडचण वेगळी. रात्री साडेदहाला अमेरिकेचा कॉल, साडेअकराला संपतो, आणि माणूस बाराला झोपायला बघतो. कॉल संपल्यावर मोठे दिवे बंद करा, वीस मिनिटं पाय वर करून पडा किंवा पेरांवर श्वास मोजा, मग अंथरूण. उद्याची कामं कागदावर लिहून ठेवा. अंथरुणात वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात बसा. तळमळत पडून राहू नका.

रील्सबद्दल

"व्हेगस रिसेट करा १० सेकंदांत" अशा रील्सचा सुळसुळाट आहे. कान चोळा, बर्फाच्या बादलीत डोकं घाला, मान दाबा. कानात व्हेगसची एक छोटी फांदी येते हे खरं. कान कोरताना काहींना खोकला येतो तो तिच्यामुळेच. विजेच्या सौम्य झटक्यांनी व्हेगस चेतवणारं यंत्र छातीत बसवतात हेही खरं. अमेरिकेत १९९७ पासून अपस्मारासाठी त्याला मान्यता आहे. पण त्यावरून कान चोळल्याने चिंता जाते असं ठरत नाही. आणि मानेच्या बाजूची धमनी दाबणं घरी कधीही करू नका. त्याने माणूस कोसळू शकतो, वयस्कर माणसात तर आणखी वाईट घडू शकतं.

सावधगिरी

परानुकंपी संस्थेचा जोर नेहमी हिताचाच असतो असंही नाही. रक्त बघून चक्कर येते तेव्हा तीच एकदम उसळलेली असते: ठोके पडतात, दाब उतरतो, माणूस खाली. अशा वेळी उभं करू नका, आडवं करून पाय उचला. श्वासनलिका आकुंचन पावण्यातही व्हेगसचा हात असतो, म्हणून दम्याच्या रुग्णांनी या श्वासाच्या सवयी पंपाला पर्याय समजू नयेत. शेतात फवारणी करताना होणाऱ्या विषबाधेत ॲसिटिलकोलीनचं विघटनच थांबतं. लाळ, घाम, बारीक बाहुल्या ही लक्षणं दिसली तर श्वासोच्छ्वासाचे प्रयोग नकोत, थेट हॉस्पिटल.

छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ठोके अनियमित पडणं, निवांत नाडी सतत १०० च्या वर, किंवा ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी. हृदयाच्या लयीचा त्रास असलेल्यांनी तोंडावर एकदम गार पाण्याचे हबके मारू नयेत. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके गोळीमुळेच कमी असतात, वहीतल्या आकड्यावर खूश होऊ नका आणि गोळी स्वतःहून बंद करू नका. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं पाय वर करून पडण्यापेक्षा डावी कूस बरी.

वही मी अजून ठेवतो. सकाळचे आकडे आता बहुधा ६८ ते ७२ असतात. मार्चअखेर ७८, मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ८४, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ८२. आमच्या गल्लीतून रात्रभर ढोलपथकं गेली होती. त्या दिवशी मी श्वास मोजले नाहीत की पाय वर केले नाहीत. वरणभात जेवलो, दहा मिनिटं घरात फिरलो, डाव्या कुशीवर पडलो, गजर लावायला विसरलो आणि साडेपाचला आल्याच्या चहाच्या वासाने जागा झालो.